डिकीत टाकी, सीटवर तांदूळ

गाडी घेतल्यापासून मला एसटीच्या स्टॉपसमोरून जायची लाज वाटते. नगरमधल्या सावेडीहून राहुरीला शाळेत जाताना वाटेत तीन-चार स्टॉप लागतात. ज्यांच्याबरोबर मी निम्मं आयुष्य उभा राहिलो, ती माणसं अजून तिथंच डोक्यावर रुमाल टाकून उभी असतात. पहिल्या आठवड्यात मी काच वर करून, रस्त्याकडे फार लक्ष असल्यासारखा निघून गेलो. दुसऱ्या आठवड्यापासून थांबायला लागलो. आता गाडी रोज भरून जाते. कुणाला फाट्यावर उतरायचं असतं, कुणाला बाजार समितीच्या दारात, कुणाला आणखी थोडं आत. माझ्या गाडीचं ॲव्हरेज शोरूमवाल्यानं सांगितलं त्यापेक्षा कमी पडतं ते यामुळेच.

तिकिटाचे पैसे देऊ करतात, ते मी घेत नाही. आमच्या गल्लीतला विम्याचा एजंट पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "सर, खासगी गाडी आहे. भाडं घेतलं आणि कुठं ठोकली तर कंपनी हात वर करील. फुकट न्यायचं असेल तर साऱ्या जिल्ह्याला न्या." म्हणून माझे प्रवासी मेथीची जुडी देतात, कधी चार पेरू. तेही घेताना मला चोरट्यासारखं वाटतं. बायको म्हणते, "तुम्हाला देवळातला प्रसाद घेतानासुद्धा अपराधी वाटेल." ते खरंच आहे. माझा स्वभावच तसा आहे, आणि या गाडीच्या बाबतीत त्याला मोठं कारणही मिळालं. तेच सांगायचं आहे.

बायकोचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वर, डोंगरात. सासऱ्यांची भाताची खाचरं आहेत. लग्न झाल्यापासून आमच्या घरात तांदूळ विकत आला नाही. दिवाळीनंतर भात झोडून, भरडून झाला की ते एक कट्टा भरून तोंड शिवत आणि खांद्यावर टाकून डांबरी सडकेपर्यंत आणत. जीप थांबवायची, अकोल्याला उतरायचं, तिथून नगरच्या एसटीत कंडक्टरच्या हातापाया पडून तो चढवायचा. इकडं मी स्कूटर घेऊन स्टँडवर. मग कट्टा पायांमध्ये उभा करून मी सावेडीला येई, आणि ते शिवलेलं तोंड उसवलं की सारं घर वासानं भरून जाई.

ते स्वतः मात्र येत नसत. घरभरणीला एकदा आले, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. एसटी त्यांना लागते हे एक कारण, आणि लेकीच्या घरी फार टेकू नये हे दुसरं. तांदूळ यायचा म्हणजेच ते यायचे. बायको नव्या तांदळाच्या पहिल्या भाताला हात लावण्याआधी त्यांना फोन करायची. पलीकडून एकच प्रश्न असे, "चिकाट झाला का मोकळा?" तेवढं कळलं की ते फोन ठेवत.

गेल्या साली त्यांचा खांदा दुखावला. कट्टा उचलवेना. एका जीपवाल्याच्या हाती पाठवला, तर कट्टा दोन दिवस अकोल्यातच कुठल्याशा दुकानात पडून राहिला. तांदूळ नीट पोचला, पण फोनवर त्यांचा आवाज पडलेला होता. "आता असं दुसऱ्याच्या हाती धाडायचं म्हंजे काय खरं न्हाई, बाई." बायकोनं त्या दिवशी ठरवलं की आपण गाडी घ्यायची आणि तांदूळ आणायला आपण जायचं. गाडीचा विषय आमच्या घरात असा सुरू झाला होता. मी तो विसरलो.

मी गणित शिकवतो. गाडी कोणती घ्यायची हे मी गणितासारखं सोडवायला बसलो. रोजचा रस्ता सावेडी ते राहुरी आणि परत. पेट्रोलवर किती, डिझेलवर किती, गॅसवर किती. शाळेतले एक सहकारी मोठ्या डिझेल गाडीची भलामण करत होते. "सर, दारात उभी राहिली की चार माणसं नमस्कार करतात." मला नमस्कारांची भीती वाटते. शिवाय एजंटनं सांगितलं की गाडीची किंमत मोठी तर विमाही मोठा, आणि इंजिन मोठं तर त्यातला सक्तीचा भागही मोठा.

मुलगी पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, इथल्या शोरूमला सूट चांगली आहे. माझ्या पत्त्यावर पुण्याचंच पासिंग करू."

एजंटनं दोन्ही हात हलवले. "नका करू, सर. दुसऱ्याच्या नुकसानीचा जो भाग असतो तो सरकार ठरवतं, तो नगर काय नि मुंबई काय, सारखाच. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असतो ना, त्याला मोठ्या शहराचं पासिंग जरा महाग पडतं. नगरची पाटी स्वस्त."

"म्हणजे नगरला राहण्याचा काहीतरी फायदा आहे म्हणायचा," मी म्हणालो.

"एवढाच आहे, सर. तो तरी घ्या."

शेवटी उत्तर निघालं ते लहान इंजिनाची, कंपनीनंच गॅस बसवलेली, नगर पासिंगची छोटी गाडी. मी ते कागदावर बायकोला दाखवलं, खाली दोन रेघा मारून. तिनं कागद बाजूला ठेवला.

"डिकीत किती मावतं?"

"डिकीत गॅसची टाकी असते. पण आपल्याला डिकी लागते वर्षातून कितीदा?"

ती उठून कुकर लावायला गेली. तेव्हा मला वाटलं, तिला पटलं.

दसऱ्याला गाडी दारात आली. दारात म्हणजे सोसायटीच्या भिंतीबाहेर, कारण आतल्या जागा आधीच वाटून झाल्या होत्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत वाढलेलं, त्यातल्या उंदरांना माझ्या बॉनेटखालची ऊब आवडली. वासानं उंदीर पळतात म्हणून एजंटनं तिथं तंबाखूच्या पुड्या ठेवायला सांगितल्या. त्या आठवड्यात माझ्या प्रवाशांपैकी एकजण हुंगत म्हणाला, "सर, तुम्ही कधीपासून?" मी आयुष्यात सुपारीही खाल्लेली नाही. पण त्याच्यापुढं मी शरमून खुलासा देत बसलो, आणि जितका देत गेलो तितका तो हसत गेला.

मग उसाचा हंगाम लागला. राहुरीच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळला आणि बाहेर लोंबणाऱ्या उसानं माझ्या डाव्या दाराला मागच्या टोकापर्यंत ओरखडा काढला. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही, त्याचं गाणं चालू होतं. एजंट म्हणाला, "क्लेम करू नका. एवढ्याशासाठी पुढच्या साली मिळणारी सूट जाईल. इकडं हंगामात कुणाच्या गाडीला उसाची सही नसते?" मी क्लेम केला नाही. फक्त पुढचे काही दिवस गाडी अशी लावत गेलो की डावी बाजू भिंतीकडे राहील. बायकोनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "भिंतीला काय दाखवताय?"

दिवाळी झाली. तिनं माहेरी फोन केला, "तांदूळ एसटीत टाकू नका. आम्ही गाडी घेऊनच येतो." त्या फोनवर सासरे इतक्या मोठ्यानं हसले की मला स्वयंपाकघरापलीकडून ऐकू आलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. संगमनेरला गॅस भरला, कारण पुढं डोंगरात तो मिळत नाही. अकोलं मागं पडलं, घाट सुरू झाला, आणि माझी छोटी गाडी पहिल्या गिअरमध्ये दम खात वर गेली. खाचरं कापून मोकळी झाली होती, जिथं तिथं पेंढ्याच्या उडव्या. उन्हं उतरताना पोचलो. सासरे सडकेपर्यंत आले होते. डोक्याला नवी टोपी.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ओरखड्यावरून बोट फिरवलं. "ऊस का?"

"ऊस."

"मंग बरकत हाय." आणि मला पुढं काही सांगायचा अवसर न देता ते मागं गेले. "उघडा बघू, पाव्हणं. सकाळी घाई नको."

पडवीत दोन कट्टे उभे होते. दरवर्षी एक असायचा. गाडी येणार म्हणून दोन. त्यांच्या शेजारी नागलीची पिशवी, खुरासणीच्या तेलाचा कॅन आणि तीन डांगरं. सारं ओळीनं, पाहुणे निघाल्यासारखं.

मी डिकी उघडली.

सासरे वाकले. टाकीवर टिचकी मारली. "हे काय?"

"गॅसची टाकी, मामा."

"मंग सामान कुठं ठेवायचं?"

"सामानाची जागा टाकीला गेली."

त्यांनी पडवीकडं बघून सासूबाईंना हाक मारली. "आगं, ये बघायला! पाव्हणं घरचा शिलिंडर बी संगं घिऊन फिरत्यात!"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. बायकोही हसली. मीही हसायचं होतं, तेवढंच काम होतं. पण मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी हिशोब सांगू लागतो. मी गॅस का परवडतो ते सांगितलं. वजनानं चढाला ॲव्हरेज कसं उतरतं ते सांगितलं. कुणी विचारलं नसताना मी बोलत राहिलो, आणि शेवटी म्हणालो, "खरं सांगू का, मामा, येण्याजाण्याचा खर्च धरला तर हा तांदूळ आम्हाला दुकानातल्यापेक्षा महाग पडतो. तुम्ही उगीच त्रास घेऊ नका. एखादी पिशवी दिली तरी पुष्कळ झालं."

सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. सासरे माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "व्हय. तेबी खरंच हाय," आणि गोठ्याकडं गेले.

सासूबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या तेव्हा कप जरा जोरात ठेवला. बायकोनं मला विहिरीमागं नेलं.

"त्यांच्याकडं द्यायला दुसरं काय आहे?" ती म्हणाली. "सांगा ना. दुसरं काय आहे?"

"मी त्रास होऊ नये म्हणून..."

"त्रास त्यांना झालाच नव्हता. तो तुम्ही आत्ता दिलात."

रात्रीच्या जेवणाला सासरे माझ्याशी पावसाबद्दल बोलले, बिबट्याबद्दल बोलले, तांदळाबद्दल नाही. ताटात नव्या तांदळाचाच भात होता. मी तीनदा मागून घेतला. त्यांनी तीनदा वाढायला लावला, पण चिकाट की मोकळा हे विचारलं नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, फक्त दोन्ही कट्टे गाडीत गेले पाहिजेत एवढं कळत होतं. मागच्या सीटवर मी नवी कव्हरं घातली होती, ती काढून गुंडाळून ठेवली. पहिला कट्टा कवेत धरून ओढत गाडीपर्यंत नेला आणि आत ढकलला. कंबरेनं आवाज दिला. दुसऱ्याला मी निम्म्यावर अडकलो, तेव्हा मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"सीटवर माणसं बसत्यात, पाव्हणं."

"हाही माणूसच आहे, मामा. पुढं या, एक कान धरा."

त्यांनी चांगल्या खांद्यानं रेटा दिला. दोन्ही कट्टे आत उभे राहिले. मी चावी फिरवली आणि गाडी टुंग-टुंग वाजायला लागली.

"काय झालं तिला?"

"मागं कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते. तिला वाटतंय पोत्यात माणूस आहे."

सासऱ्यांनी मान आत घालून कट्ट्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मागं जाऊन एका कट्ट्याला पट्टा लावला, मग दुसऱ्याला. आवाज बंद झाला. आणि ते हसायला लागले. गुडघ्यावर हात टेकून, टोपी पडेपर्यंत हसले. सासूबाई, शेजारपाजारची माणसं, सगळे बाहेर आले. "आगं, भात बांधून चाल्लाय बघ! पळून जाईल म्हून!" जो बाहेर येईल त्याला ते पट्टा ओढून दाखवत होते. कोणी तरी मोबाईलवर फोटो काढला.

मी हसू ओसरायची वाट बघत थांबलो. मग म्हणालो, "मामा, काल मी चुकीचं बोललो."

"सोडा ओ." ते टोपी झटकत होते. "पर ह्यो घाटात पडंल. पट्टा काय, तो माणसाला. पोत्याला हात लागतो." त्यांनी पडवीत जाऊन वहाणा घातल्या. "अकोल्यापातुर येतो धराया. घाट उतारला की मी जीपनं माघारी."

दोन कट्ट्यांच्या शेजारी जेमतेम एका माणसाची जागा उरली होती. ते तिच्यात बसले, एक हात कट्ट्यावर, दुसऱ्या हातात लिंबू. पट्टा लावून घ्यायला त्यांनी नकार दिला, गाडी वाजली, मग लावून घेतला. "हिच्यापुढं कुनाचं चालत न्हाई व्हय?" बायकोच्या पायाशी डांगरं, मांडीवर नागली, तेलाचा कॅन दोन पायांत. निघताना सासूबाईंनी तिच्या खिडकीतून आणखी एक पिशवी आत कोंबली.

घाटात प्रत्येक वळणाला मागून आवाज यायचा. "हळू, पाव्हणं, मालक कलंडत्यात." मी इतकी हळू गाडी आयुष्यात चालवली नाही. मागून येणारी जीप हॉर्न वाजवून दमली. त्यांना गाडी लागली नाही. खिडकी पूर्ण खाली, टोपी मांडीवर, आणि कुठलं खाचर कुणाचं, कुठल्या वळणावर कधी कोणाचा बैल उधळला, ते सगळं सांगत होते. अकोल्याचा स्टँड आला तसा मी वेग कमी केला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मागं पाहिलं. सासरे एका कांद्याच्या टेम्पोची गोष्ट सांगत होते आणि ती संपायची होती. मी स्टँडसमोरून सरळ पुढं गेलो.

संगमनेरला पंपावर गॅसची रांग होती. आमचा नंबर आला तसा पंपावरचा माणूस म्हणाला, "सगळे खाली उतरा. गॅस भरताना कुणी आत बसायचं नाही." आम्ही उतरलो. त्यानं आत डोकावून पाहिलं. "आणि हे दोघं?"

"त्ये नगरला चाल्लेत," सासरे म्हणाले. "त्यान्ला उतराया येत न्हाई."

तो माणूस हसत हसत नळी लावायला गेला. सासरे बाजूला उभे राहून सडकेकडं बघू लागले. "आरं, हे तर संगमनेर," ते म्हणाले. "मला अकोल्याला उतरायचं हुतं की."

मी हात जोडले. खरंच जोडले, भर पंपावर. "मामा, पुढं रस्ता खराब आहे. कोल्हारपासून खड्डे आहेत. कट्टे धरायला कुणी नसलं तर मी पोचवू शकणार नाही. घरी चला."

"पाव्हणं, घाट तर संपला."

"खड्डे घाटापेक्षा वाईट."

त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती, ओरखडा पाठीआड. डोळे भरलेले, पण हसत होती.

"कापडं न्हाई आनली मी."

तिनं पुढच्या सीटवरची ती शेवटची पिशवी उचलून उघडली. वर त्यांचा धुतलेला सदरा, खाली धोतर, दाढीचं सामान, गोळ्यांची पट्टी. सकाळी ते वहाणा घालत होते तेवढ्यात सासूबाईंनी सारं भरलं होतं.

सासरे पिशवीत बघत राहिले. "बघ की तुझी आई," ते म्हणाले. "मला पोत्यासंगं धाडलं तिनं." आणि मग पंपावरच्या माणसाला, जणू तो घरचाच होता, "लेकीकडं चाल्लोय. चार दिस."

पुढच्या साऱ्या रस्त्यात मी एकही हिशोब सांगितला नाही, हे मी ठरवून केलं नाही. मला बोलायला मिळालंच नाही. कोल्हारला त्यांनी प्रवरेच्या पुलावर गाडी थांबवायला लावली, पाणी पाहिलं आणि म्हणाले, "हे आमचंच पानी. इथं येतंय व्हय." राहुरीत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली तेव्हा त्यांनी काच वर करायला सांगितली, पुन्हा सही नको म्हणून.

सावेडीला पोचलो तेव्हा एजंट गल्लीतच होता. एक कट्टा त्यानं खांद्यावर घेतला, दुसरा आम्ही दोघांनी. सासरे पुढं, जिन्यात प्रत्येक वळणावर "सांबाळून, सांबाळून" करत. वर आल्यावर त्यांनी बसायच्या आधी स्वयंपाकघर पाहिलं. तांदळाचा डबा उघडला, तळाशी गेल्या सालच्या दोन मुठी उरल्या होत्या, त्या ओंजळीत घेऊन हुंगल्या. मग लेकीला शिवण उसवून दिली. एजंटला एक पातेलं भरून तांदूळ दिला, नको नको म्हणत असताना दिला.

संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि वास सगळ्या खोल्यांत पसरला. बायको ताटं मांडत होती. सासरे गॅलरीत माझ्या मोबाईलवर सासूबाईंशी बोलत होते, पलीकडं डोंगर असल्यासारखं ओरडून.

"पोचलो! व्हय, सारी पोचली! ... न्हाई, एक बी दाना सांडला न्हाई. ... गाडी लई झ्याक हाय. लहान हाय, पर आवाज करती, शिस्तीची हाय. ... कधी म्हंजे? आताच तर आलोय. ... आगं, बघू. बुधवारी. ... न्हाई, बुधवारी पाव्हन्याला शाळा हाय." ते थांबले, आत वाकून ताटांकडं पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये म्हणाले, "पुढल्या रईवारी बघू. गुरांला पानी वेळंवर दाव. ठिवतो आता, भात गार हुतोय."